तिसऱ्या हाकेचं उत्तर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. तीस वर्षं लिफ्टखालच्या अंधाऱ्या खड्ड्यात उतरलोय, भुताखेतांना घाबरून माझं कसं चालेल?

आमच्या वस्तादाची मात्र एक सक्त ताकीद होती. काम संपलं की लिफ्ट सुरू करण्याआधी खड्ड्यात तीनदा हाक मारायची, "खाली कोणी आहे का?" उत्तर आलं, तर त्या दिवशी लिफ्ट बंदच ठेवायची. मग खाली कोणी दिसो, न दिसो.

हे घडलं त्या दिवशी संध्याकाळी सातला लेकीच्या लग्नाचं रिसेप्शन होतं. सकाळी कोर्टात सह्या झाल्या तेव्हाही मी कामावरच. "संध्याकाळी तरी वेळेवर या हं, बाबा," एवढंच ती म्हणाली होती. हॉलपासून लांब, एका दुसऱ्याच इमारतीत काम संपलं तेव्हा सहा कधीच वाजून गेले होते. घाईघाईत हाका मारल्या. तिसरीला खालून आवाज आला, "आहे... थांब."

टॉर्च मारला. खड्डा रिकामा. कोणीतरी वरच्या मजल्यावरून चेष्टा करतंय, अशी मनाची समजूत घातली आणि लिफ्ट सुरू केली.

बाहेर रस्ता गाड्यांनी तुंबलेला. टॅक्सी अर्ध्यात सोडली आणि धावत सुटलो. बाजारातून, बँकेसमोरच्या रांगेतून, पुलाच्या जिन्यावरून. "अहो काका, डोळे फुटले का?" कोणीतरी खेकसलं. छाती भात्यासारखी चाललेली. हात धुऊन निघालो होतो, तरी ग्रीसचा वास काही पाठ सोडेना.

फोन वाजला. लेक होती.

"बाबा, तुमच्या कामावरचे एक जण वर हॉलमध्ये येऊन गेले. हात काळे... म्हणाले, बाबा खाली आहेत, दम लागलाय, कोणीतरी न्यायला या."

मी ओरडलो, "अगं, मी अजून पुलावर आहे! लिफ्टमध्ये कोणी पाऊल टाकू नका!"

"पण तुमचे जावई गेलेसुद्धा खाली..."

कसा पोचलो, देव जाणे. हॉल आठव्या मजल्यावर, लिफ्टही वर आठव्यावरच उभी. तिथल्या लिफ्टची देखभालही माझ्याकडेच. मी आधी तिचा मेन स्विच पाडला. मग माझ्या चावीनं तळमजल्याचं दार उघडलं आणि हाका मारल्या. एक. दोन. तीन.

"आहे... थांबा, बाबा..."

जावयाचाच आवाज. टॉर्च मारला. खड्डा रिकामा.

आठ मजले जिन्यानं चढलो. दारात लेक उभी होती. तिच्या शेजारी जावई, हसत. "तुम्ही दिसला नाहीत खाली, म्हणून जिन्यानंच वर आलो," तो म्हणाला. बिचारा शाळेत गणित शिकवतो, यंत्राला कधी हात लावत नाही. रुमालाला हात पुसत होता. मनगटापर्यंत काळे.

लेक खूश होती हो. मी फोटोला उभा राहिलो.

याला दोन वर्षं झाली. त्या हॉलची लिफ्ट मी अजून सुरू होऊ दिलेली नाही. हा भाग मिळत नाही, तो भाग जुळत नाही, मालकाला थापा मारतो. रोज संध्याकाळी जाऊन हाका मारतो. काल लेक सहज म्हणाली, "बाबा, यांचे हात किती घासले तरी उशीवर काळे डाग पडतातच."

खालून तिसऱ्या हाकेला अजून उत्तर येतं. आवाज बारीक झालाय. परवापासून तो "थांबा" म्हणत नाही.

"तिला सांगा..." म्हणतो.