सदतीस अर्ज आणि एक फोन

“माझ्यावर कुणीतरी डूख धरलाय,” रोझॅन पेल्टिए म्हणाली आणि खुर्चीत बसली. दारात बूट काढायचंही तिला भान राहिलं नव्हतं. बर्फाचं पाणी लाकडी जमिनीवर पसरत गेलं.

एल्सी कॅलिओने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. या गावात तीस वर्षं ती लोकांच्या भानगडींची कोडी सोडवत आली होती. तिचं ऑफिस लाँड्रीच्या माडीवर होतं. ऑर्विलने कॉफी ओतली. जन्मभर लाकडाचे ट्रक चालवून तो निवृत्त झाला होता आणि आता एल्सीची गाडी चालवत होता.

“सगळं नीट सांग,” एल्सी म्हणाली.

रोझॅनने सांगितलं. कागदाच्या मिलमध्ये ती सव्वीस वर्षं वजनकाट्यावर होती. शरद ऋतूत मिल बंद पडली. तेव्हापासून तिने नेटवरून सदतीस अर्ज केले. उत्तर एकाचंही नाही.

“महिनाअखेरीपर्यंत काम मिळालं नाही तर घर विकून तिच्याकडे कॅल्गरीला जायचं, असं लेकीला कबूल करून बसलेय. लेक गुणी आहे हो. पण माझं सगळं इथं आहे. घर इथं, सरोवर इथं, गुरुवारची बर्फावरच्या कर्लिंगच्या खेळाची टीम इथं.”

“एकही फोन नाही?”

“एक आला. टायरवाल्याचा. तिथं मी नेटवरून काही पाठवलं नव्हतं. टायर बदलायला गेले आणि कागद हातात दिला. दुसऱ्याच दिवशी फोन! पण त्यांना टायर उचलायला दणकट गडी हवा होता.”

एल्सीने तिचा रेझ्युमे मागितला. दोन पानं. दोन्हींच्या माथ्यावर हिरवा पट्टा, त्यावर देवदाराची झाडं आणि झाडांमध्ये पांढऱ्या अक्षरांत रोझॅनचं नाव, फोन, पत्ता.

“काय देखणा आहे!” ऑर्विल म्हणाला.

“डेझमंड मास्तरांनी करून दिला. माझ्या लेकीला चित्रकला शिकवायचे ते. आता दर शनिवारी लायब्ररीत बसून लोकांना मदत करतात.”

“तुझ्यावर राग कुणाचा?”

रोझॅन घुटमळली. “गॉर्ड हॅस्केटचा. मिलमध्ये माझा साहेब होता. त्याच्या मेव्हण्याचा ट्रक मी जादा वजनासाठी परत पाठवला होता. आता तो बंदरावरच्या धान्य कोठारात माणसं भरतो. तिथंही मी अर्ज केलाय.”

जिना उतरताना ऑर्विल म्हणाला, “मिटलं की प्रकरण. गॉर्डच सगळीकडे तिची बदनामी करतोय.”

“तुला नेहमी पहिल्याच वळणावर गाव आल्यासारखं वाटतं,” एल्सी म्हणाली.

गॉर्डच्या टेबलावर दोन स्क्रीन होते आणि डोक्यावर टोपी. रोझॅनचं नाव काढताच त्याचा चेहरा उतरला.

“तिनं अर्जच केला नाही. मी वाट बघत होतो, बाई. नाक मुरडून बसली असेल.”

“नक्की आला नाही?”

“सगळे अर्ज मशीनमधून येतात. मशीन मजकूर काढून घेतं, रांगेत लावतं, मी तेवढंच वाचतो. साठ वाचले. काय एकेक नमुने! एकानं तर स्वतःचं नावही टाकलं नाही. भुताला कामावर ठेवू का मी?”

“आणि तो ट्रकचा राग?”

“मेव्हण्याला अजून आहे,” गॉर्ड हसला. “मला नाही.”

“धादांत खोटं बोलतोय,” गाडीत बसल्यावर ऑर्विल म्हणाला. एल्सीने कॅल्गरीला फोन लावला.

“आईच्या मेलचा पासवर्ड आहे माझ्याकडे,” लेक जॅनेलने लगेच कबूल केलं. “आई इकडे यावी असं वाटतंच मला. म्हणून मी तिची उत्तरं पुसून टाकीन? एकदा डोकावले होते, खरंय. अर्ज मिळाल्याच्या, आपोआप येणाऱ्या नुसत्या पोचा होत्या. एकीवरही तिचं नाव नाही. सगळीकडे ‘प्रिय उमेदवार’. मला रडू आलं हो.”

“बरं झालं डोकावलीस,” एल्सी म्हणाली.

शनिवारी ती लायब्ररीत गेली. डेझमंड मास्तर एका वेल्डरच्या रेझ्युमेवर ठिणग्या काढत होते.

“हिरवा पट्टा दोन्ही पानांवर कसा आणलात, मास्तर?”

“सोपं आहे. पानाचा माथा म्हणून एक वेगळी जागा असते. तिथं एकदा ठेवलं की प्रत्येक पानावर आपोआप उमटतं.” ते अभिमानाने म्हणाले. “एवढ्या गर्दीत माणूस उठून दिसायला हवा ना!”

एल्सीने ऑर्विलला फोन करायला पाठवलं. तासाभरात रोझॅन आली. गॉर्डही आला, टोपी हातात धरून. दोघं एकमेकांकडे न बघता बसली. जॅनेल फोनवर होती.

“चोर याच खोलीत आहे,” एल्सी म्हणाली.

ऑर्विलने गॉर्डच्या खांद्यामागे जागा धरली.

“ऑर्विल, खाली बस. टायरवाल्याने कागद हातात घेतला आणि दुसऱ्या दिवशी फोन केला. म्हणजे रोझॅनमध्ये खोट नाही, आणि गावात तिची बदनामीही नाही. जे नेटवरून गेलं तेवढंच बुडालं. मग वाटेत काय झालं? पोचांवर नाव नव्हतं. एका यंत्राने नाव गाळलं तर चूक म्हणू. सगळ्यांनीच गाळलं, म्हणजे त्यांना ते मिळालंच नव्हतं.”

तिने मास्तरांच्या संगणकावर रोझॅनचा रेझ्युमे उघडला, सगळा मजकूर निवडला आणि कोऱ्या पानावर उतरवला. सव्वीस वर्षं उतरली. वजनकाटा उतरला. नाव नाही, फोन नाही.

“माथ्याची जागा वेगळी असते, हे मास्तरांनीच मला सांगितलं. माणसाचा डोळा आधी तिथं जातो. या यंत्रांनी ती जागा वाचलीच नाही. रोझॅन, चोर तो हिरवा पट्टा. तू सदतीस दारं वाजवलीस आणि आपण कोण ते सांगितलंच नाहीस.”

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. “पोरी, मी तुझं…”

“गप बसा, मास्तर,” रोझॅन त्यांचा हात धरून म्हणाली. “इतकं सुंदर माझं नाव आजवर कुणी लिहिलं नव्हतं.”

“गॉर्ड,” एल्सी म्हणाली, “तुझं ते भूत कुठंय?”

गॉर्डने खिशातून घडी केलेला कागद काढला. घड्या मऊ पडल्या होत्या. “साठांत हाच एक बरा होता. टाकवेना. तीन आठवडे बंदरावर ज्याला त्याला विचारतोय, सव्वीस वर्षं काट्यावर काढलेला हा बाबा कोण म्हणून.”

“सव्वीस वर्षं म्हटल्यावर तुला मी आठवले नाही?”

“तू नाक मुरडून बसलीस, असंच धरून चाललो होतो गं!” तो टोपी चुरगाळत म्हणाला. “सोमवारी सातला येशील?”

“गाडी जड असली तर परत पाठवीन. मेव्हण्याची असली तरी.”

“म्हणून तर बोलावतोय.”

फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला. “आई, मग मीच येते उन्हाळ्यात,” जॅनेल म्हणाली.

मास्तरांनी तिथल्या तिथे साधा रेझ्युमे केला. काळी अक्षरं, नाव पहिल्या ओळीत, झाडं नाहीत. मग वेल्डरचा रेझ्युमे परत उघडला आणि ठिणग्यांमधून त्याचं नाव खाली मजकुरात आणू लागले.

ऑर्विलने हिरव्या पट्ट्याची पानं उचलली. “ही फेकू?”

“आण इकडे,” रोझॅन म्हणाली. “काट्याच्या खोलीत भिंतीवर लावीन. तिथं ट्रकवाले येतात. ते माथ्यापासून वाचतात.”