पोखरणच्या पुढचा रस्ता

नाशिकच्या द्वारका चौकातल्या सिग्नलजवळ धनराजने मागे न बघता गाडीचं दार उघडलं आणि मी सायकलसकट रस्त्यावर आडवी झाले. आमची ओळख झाली ती अशी.

"सॉरी मॅडम, लागलं का?"

"छे, मजा आली! आरसा कशाला लावलाय गाडीला? भांग पाडायला?"

तो गोरामोरा झाला. सायकल डिकीत कोंबून मला सातपूरच्या सायकल दुकानात घेऊन गेला आणि वाकलेलं चाक सरळ होईपर्यंत माझी बोलणी खात बसला. निघताना हळूच म्हणाला, "चिडून कुणी इतकं छान दिसतं का हो...?"

"पुन्हा पाडा, मग सांगते!"

पुढच्याच रविवारी त्र्यंबक रोडवर आमच्या सायकल ग्रुपमध्ये हा हजर! कोरी सायकल, हेल्मेट उलटं. मला हसू आवरेना आणि हसू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

मी निकिता पगारे. अंबडच्या कारखान्यात मशीनचे भाग तपासते. सायकलने जैसलमेर गाठायचं मी दोन वर्षं मनात धरलं होतं. कॉलनीतल्या बायका आईला विचारायच्या, "एवढ्या लांब पाठवतेस कशी पोरीला?" आई म्हणायची, "ती विचारते कुठे?"

एप्रिलच्या सुरुवातीला आम्ही सहा जण नाशिकहून निघालो. मागे सामानाची व्हॅन. नियम एकच, जोडीदाराला त्रास झाला तर दुसऱ्याने त्याच्यासोबत थांबायचं. माझा जोडीदार धनराज. एव्हाना आम्ही 'अहो'वरून 'अरे'वर आलो होतो. गुजरातभर तो माझ्या मागे राहून बडबडत होता. चढावर म्हणायचा, "पुढे बघ, मागे मी आहे..." आणि मला उगीचच मागे बघावंसं वाटायचं.

पोखरणच्या पुढे मात्र ऊन अंगावर आलं. वारासुद्धा भाजत होता. बाटलीतलं पाणी चहासारखं गरम झालेलं. माझ्या डोळ्यांपुढे रस्ता हलत होता, पण मी पाय थांबवले नाहीत. तेवढ्यात मागून धनराजची हाक आली. वळून पाहिलं तर तो एका खेजडीच्या झाडाखाली आडवा पडलेला.

"चक्कर... येतेय..."

मी घाबरले, रडूच फुटलं. त्याचं डोकं मांडीवर घेतलं, रुमाल ओला करून कपाळावर ठेवला. व्हॅन आली, नियमाप्रमाणे आम्हा दोघांना उचललं आणि मी जैसलमेरला पोचले ती व्हॅनच्या सीटवर बसून. वाईट वाटलं, पण तो वाचला ना, म्हणत राहिले.

संध्याकाळी लॉजवर हा गडी आडवा हात मारत जेवत होता.

"बरं वाटतंय?" मी विचारलं.

त्याने मान खाली घातली. "निकिता... मला काही झालंच नव्हतं. तुझे ओठ पांढरे पडले होते, सायकल रस्ताभर झोकांड्या खात होती. थांब म्हटलं असतं तर तू थांबली नसतीस."

मी त्याचं ताट बाजूला सारलं. "सांगून पाहिलंस? एकदा तरी? मी लहान मूल आहे का, चॉकलेट दाखवून घरी न्यायला? माझा रस्ता होता तो!"

"तू पडली असतीस..."

"पडले असते तर माझी मी पडले असते! मी तुझ्यासाठी रडले रे तिथे!"

परतीच्या गाडीत मी वेगळ्या डब्यात बसले. नाशिकमध्ये तो रोज माझ्या कारखान्याच्या गेटवर यायचा. मी त्याच्यासमोरून निघून जायचे. एकदा म्हणाला, "काय करू, सांग."

"काही करू नकोस. तेच जमत नाही तुला."

मे महिन्यात बुद्धजयंती झाल्यावर मी सुट्टी टाकली, सायकल रेल्वेत चढवली आणि एकटीच पोखरणला गेले. त्याला कळलं होतं, आईनेच सांगितलं. तो आला नाही. एक मेसेज आला, "पाणी जास्त घे." त्याचाही राग आला.

पहाटे निघाले. दहाच्या सुमारास ऊन चढलं, ओठ सुकले आणि रस्ता पुन्हा हलू लागला. दात-ओठ आवळून आणखी थोडं रेटलं. मग एका टपरीच्या सावलीत थांबले, कुणी न सांगता. पडून राहिले आणि मला कळलं की त्या दिवशी त्याला दिसलं होतं ते खरं होतं. खोटं बोलला ते चूकच. पण दिसलं ते खरं होतं... आणि इतकं नीट माझ्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

ऊन कलल्यावर पुन्हा निघाले. सूर्य बुडताना जैसलमेरचा किल्ला दिसला. हे सांगायला शेजारी कुणी नव्हतं. मी धनराजला फोन लावला.

"पोचले."

पलीकडून नुसतं 'हं' आलं.

"बोल ना काहीतरी!"

"बोललो तर चिडशील."

"चिडेन. तरी बोल."

"आवडतेस तू मला. त्या दिवशी तुझ्याशी भांडायला हवं होतं मी... तेवढी हिंमत झाली नाही. आता कधीच खोटं नाही बोलणार."

मी घामासोबत डोळेही पुसले. "परवा नाशिकरोडला उतरतेय. स्टेशनवर ये. आपलं भांडण अजून संपलेलं नाही."

"येतो... पण ते कधी संपेल?"

"का, घाई आहे तुला?"

"नाही गं... अजिबात नाही."

"मग चालू दे की."