दर शनिवारी नवं मूल

खुर्ची एकच उरली होती आणि तिच्या पाठीवर दोघांचे हात एकदमच पडले.

“बसा ना,” तो म्हणाला.

“तुमच्याबरोबर मूल आहे. तुम्ही बसा.”

“मूल तर तुमच्याबरोबरही आहे.”

“माझी भाची उभी राहील.”

“मी मुळीच उभी राहणार नाही!” भाची म्हणाली. तिला घरात सगळे टकळीच म्हणत, आणि उगाच नाही म्हणत.

शेवटी दोन्ही मुलं एका खुर्चीत कोंबली गेली आणि मोठी दोघं भिंतीला टेकून उभी राहिली. वाचनालयाचा बालविभाग खच्चून भरला होता. महिनाभराचा साहित्य महोत्सव, दर शनिवारी एक लेखक. दारावर पाटी होती – मोठ्यांना मुलाशिवाय प्रवेश नाही.

त्याच्या शर्टाला पावडरचा वास येत होता. भर दुपारी, एवढ्या मोठ्या माणसाला... पावडर? तिनं मनात नोंद केली. तो धंदाच होता तिचा. विमा कंपनीत ती दावे तपासायची. कुणी ‘पाय घसरला’ म्हटलं की ‘कुठला?’ असं विचारायची. स्थळांनाही तिनं असंच विचारून विचारून पळवलं होतं. “तू मुलगा बघायला जातेस की दावा फेटाळायला?” असं ताई म्हणे.

लेखकानं विहिरीत लपलेल्या देवमाशाची गोष्ट सांगितली. प्रश्नांची वेळ झाली तसा तिनं हात वर केला.

“देवमासा विहिरीत शिरला कसा? विहिरीचं तोंड केवढं होतं?”

लेखक पाणी प्यायला. मुलं खिदळली. शेजारी तो हसत होता, आवाज न करता, नुसते खांदे हलवत.

“मामा, चला ना,” त्याच्याबरोबरचा मुलगा म्हणाला. अस्सं. मामा.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला. बरोबर दुसराच मुलगा, आणि तो म्हणत होता ‘काका’. त्याच्या पुढच्या शनिवारी तिसराच. तो म्हणाला ‘दादा’!

आता मात्र तिला राहवेना. “मामा झालात, काका झालात, आज दादा. वय उतरतंय वाटतं तुमचं?”

“तुम्ही हिशेब ठेवताय माझा?”

“मी सगळ्यांचाच ठेवते.”

“मला वाटलं, फक्त लेखकांनाच छळता.” डोळ्यांत हसू होतं, पण नजर टकळीच्या कपाळावर. “बाळ, ही झुलपं कुणी कापली?”

“मावशीनं. अंधारात.”

“अंधारात नाही, स्वयंपाकघरात,” ती तडकून म्हणाली.

त्याचा हात झुलपांकडे गेला, आणि त्यानं तो खिशात घातला. परक्या माणसाला पोरीच्या केसांशी काय करायचंय? तिनं त्याच्या ‘दादा’ म्हणणाऱ्या मुलाकडे नीट पाहिलं. मानेवर केसांची अगदी सरळ, कोरीव रेघ. पहिल्या दोघांच्या मानेवरही हीच रेघ होती. जशी एखाद्या टोळीची खूण.

घरी सांगितल्यावर ताईचं तोंडच उतरलं. “असले लोक येत असतील तर मी टकळीला नाही पाठवायची. आधी दारावर सांग, मगच ने.”

म्हणजे सांगितलं नाही तर शनिवारच गेला. आणि शनिवारचा निळा कुर्ता हल्ली शुक्रवारीच इस्त्री होऊन बसत होता, हे मात्र तिनं कधी तपासलं नाही.

चौथ्या शनिवारी ती दारावरच्या बाईंना हळूच म्हणाली, “त्या गृहस्थांबरोबर दर वेळी वेगळं मूल असतं. जरा विचारून घ्या.”

तो आला. बरोबर नाक पुसणारं एक चिमुरडं.

“बाळ, हे तुझे कोण?” बाईंनी विचारलं.

“कोणीच नाहीत!” चिमुरडं आनंदानं म्हणालं.

रांगेतल्या आयांनी आपापल्या पोरांचे हात धरले.

“अहो, माझं लहान मुलांचं सलून आहे,” तो गडबडीनं सांगू लागला. “मशीन सुरू केलं की मुलं रडतात. गोष्ट सांगितली तरच मान हलवत नाहीत. माझ्या गोष्टी संपल्या हो... आणि इथं मुलाशिवाय आत सोडत नाहीत. म्हणून गिऱ्हाइकांचीच मुलं आणतो, त्यांच्या आयांना विचारून.”

“याच्या आईला लावा फोन.”

त्यानं लावला. वाजत राहिला. “नर्स आहेत त्या... ड्युटीवर असतील.”

“आपण नाही बाई पोरांना तिथं नेणार,” रांगेतून कुणीतरी म्हणालं.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तिला सगळं लख्ख दिसलं. ही रांग घरी जाईल, बोलेल, आणि त्या सलूनच्या खुर्च्या रिकाम्या पडतील. तिच्या एका वाक्यामुळे.

त्याचं सांगणं जुळत होतं. पावडर जुळत होती, मानेवरची रेघही. पण जुळणाऱ्या गोष्टी खोट्या निघालेल्या तिनं ढिगानं पाहिल्या होत्या. पुराव्याशिवाय आजवर तिनं एका कागदावर सही केली नव्हती.

चिमुरडं त्याच्या पँटला नाक पुसत होतं, आणि तो त्याचं डोकं थोपटत होता.

“मी ओळखते यांना,” ती मोठ्यानं म्हणाली.

“अहो, तुम्हीच तर आत्ता—”

“मीच म्हटलं. चुकलं माझं. माझ्या जबाबदारीवर सोडा यांना.” रांगेतल्या शेवटच्या बाईलाही ऐकू जाईल असं म्हणाली.

“पण मावशी, तू तर म्हणालीस की टोळी—”

तिनं टकळीच्या तोंडावर हात ठेवला आणि आत शिरली.

पुन्हा तीच भिंत. समोर पहिल्या शनिवारचेच लेखक, लोकाग्रहास्तव. देवमासा विहिरीत शिरायला लागला.

“तक्रार तुम्हीच केलीत ना?” तो पुटपुटला.

“हो... राग आलाय?”

“आला होता. मघापासून शोधतोय, सापडत नाहीये.”

“मला माफ करा. खरंच. आणि... एक प्रश्न राहिलाय.”

“विचारा. तुम्ही थोडंच सोडणार!”

“ही गोष्ट तर तुम्ही ऐकलेली आहे. मग आज कशाला आलात?”

त्याचे कान लाल झाले. “दुकानात मुलं आता गोष्ट ऐकतच नाहीत. विचारतात, शंकेखोर मावशीनं आज काय विचारलं?”

“कोण मावशी?”

“आहे एक... निळ्या कुर्त्यातली. मी गोष्टीत घातलीय तिला.”

“परवानगी न घेता?”

“आयांची घेत होतो. मावशीची राहून गेली.”

ती हसू दाबत समोर बघत राहिली. “म्हणजे येता ते मुलांसाठीच.”

“पहिल्या शनिवारी आलो मुलांसाठी,” तो अगदी हळू म्हणाला. “नंतर... मुलं यायची माझ्यासाठी.”

यावर विचारण्यासारखे निदान दहा प्रश्न होते. तिला एकही आठवेना. भिंतीला टेकलेला त्याचा दंड तिच्या दंडाला जेमतेम लागत होता. दोघांपैकी कुणीच सरकलं नाही.

“सलून बंद कधी असतं तुमचं?” तिनं विचारलं.

“सोमवारी. का?”

“सोमवारी रजा टाकते मग.”