जोडघराचं डावं चाक

दसऱ्याच्या सकाळी सामान भरून झालं, पूजा झाली, सात वर्षांची जुई पट्टा लावून मागच्या सीटवर बसली, आणि गाडीमागच्या जोडघराचा ब्रेक काही सुटेना. डॅशबोर्डवरून आवाज आला, "जोडघराचं डावं चाक थकलंय. वेगात फुटेल. निघू नका."

"थकलंय म्हणे! चार वर्षं जागचं हललं नाही, आणि थकलंय!" जुईचे आजोबा, विद्याधर टिपणीस म्हणाले. पण त्या रागात काही दम नव्हता. चार वर्षांपूर्वी मुलगा निशांत गेल्यापासून त्यांना धड राग येत नव्हता की रडू. गाडीमागे जोडायची ही चाकांवरची खोली निशांतनेच बांधली होती. यात झोपून समुद्र बघायचा, असं त्याने लेकीला, जुईला, कबूल केलं होतं. ते तेवढं राहूनच गेलं.

हल्ली टायरांत जाणतं रबर येतं. केसाएवढ्या तारा आत विणलेल्या असतात. रबर कुठे तडकलंय, किती वाळलंय, ते त्या सांगतात. विद्याधर उतरून वाकले. टायरची नक्षी कोरी करकरीत होती.

जुईच्या आजी, शैलाताई यांनी चाकाजवळ मोबाइल धरला. "अहो, उभ्या उभ्या उन्हात वाळलंय, असं दाखवतंय. वर डिझेलही लागलंय म्हणे."

"मीच लावतो की. दर दसऱ्याला, झेंडूची माळ घालायच्या आधी फडका मारतो. काय चकाकतात!"

"त्यानेच रबर खाल्लंय."

विद्याधरांनी टायरवरून हात फिरवला. वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही.

"नवे टायर घालू या," शैलाताई म्हणाल्या.

"हे निशांतने स्वतःच्या हाताने बसवलेत." ते येऊन स्टिअरिंगपुढे बसले. मालकाने स्वतःच्या तोंडाने जबाबदारी घेतली तर ब्रेक सुटतो, असा नियम होता.

"जबाबदारी कोणाची?" यंत्राने विचारलं.

विद्याधर तोंड उघडणार, तोच शैलाताई खिडकीशी आल्या. "असं नाही. जुईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणा."

जुईला गंमत वाटली. तिने आपणहून डोकं पुढे केलं. "म्हणा ना आजोबा, मग लगेच निघू!"

त्यांनी हात उचलला. त्याला सकाळच्या डिझेलचा वास येत होता. तिच्या केसांपाशी तो थांबला. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना काहीतरी वाटलं. भीती वाटली.

"उत्तर मिळालं नाही," यंत्र म्हणालं. "जबाबदारी कोणाची?"