चिंचखेड्याचं डबकं

हातात पेढ्यांचा पुडा आणि तोंड मात्र मयताहून आल्यासारखं, असा माणूस सुधा खोडेच्या दारात पहिल्यांदाच उभा होता.

"पोराचं जमलं," तो म्हणाला. पुडा टेबलावर ठेवला आणि मटकन खुर्चीत बसला. "अन् बाई, आमच्या गावचं डबकं चोरीले गेलं."

सुधाचे यजमान गजाननराव पेढा तोंडात टाकणार होते, ते थांबले. "काय गेलं?"

"डबकं. सांडपान्याचं. गावाच्या तोंडाशी होतं ते."

"मग बरंच झालं की!" असं म्हणून गजाननरावांनी पेढा खाल्ला. पाहुणा आणखीच रडवेला झाला.

पांढुर्ण्यात स्टेशन रोडवर 'खासगी चौकशी' अशी पाटी एकच होती आणि ती सुधाची. खून-दरोडे तिच्याकडे येत नसत. येत त्या सोयरिकी. पोरगा पितो का, पोरीच्या बापाने सांगितलेली शेती खरीच आहे का, हे ती गावोगाव फिरून काढून आणी. रेल्वेतून निवृत्त झालेले गजाननराव सोबत जात. बाईमाणसाने एकटं फिरू नये, असं ते सांगत. खरं कारण असं की ती गेली की घरी त्यांना करमत नसे.

"नीट सांगा," सुधा म्हणाली.

पाहुणे होते यशवंतराव, सौंसर तहसिलातल्या चिंचखेड्याचे सरपंच. पंचाऐंशी सालचा जानेवारी होता. ब्लॉकात सांडपाण्याच्या नालीसाठी सरकारी अनुदान आलं होतं, पण एकाच गावापुरतं. एक चिंचखेडा, दुसरं बोरपाणी. ज्या गावाची गरज मोठी, त्या गावाला नाली.

"तीन वर्सं छिंदवाड्याच्या चकरा मारून राहिलो, बाई. पोरं त्या घाणीतून शाळेत जातात, हगवणीनं बेजार होतात. शनिवारी सारं गाव जामसावळीच्या मारुतीले गेलं. सांजेले परत आलो, तर डबकं कोरडं! म्या लगेच राखण बसवली. सोमवारी ओव्हरसियर साहेब आले अन् म्हणाले, यशवंतराव, तुमच्या गावाले कायची नाली पाहिजे? इथं तर धूळ उडून राहिली."

"मग?"

"म्या पाय धरले. गुरुवारी पुन्हा येतो म्हणाले. तवा डबकं नाही दिसलं तर अनुदान बोरपाण्याले."

आज मंगळवार, म्हणजे हाती दोनच दिवस होते. सुधाने पुड्यातला पेढा उचलला. "मुलगी मोहगावची ना? डोंगऱ्यांची छाया?"

यशवंतराव चाट पडले. "तुमाले कसं ठाऊक? रविवारी तर पाव्हणे घर पाहून गेले!"

"पांढुर्ण्यात पेढ्याच्या आधी बातमी येते. तारीख कोणती धरली?"

"मागून कळवतो म्हणाले."

सुधाने पिशवी उचलली. "चला. शनिवारी गावात मागे कोण कोण राहिलं होतं?"

"बापूजी. त्याचा गुडघा धरला होता. गुणवंता देवाले मानत नाही. अन् आमच्या घरची, पाव्हण्याची तयारी करत होती. पोरगा अनिल तिच्या हाताशी, तो सौंसरले क्लार्क आहे. बस."

चिंचखेड्यात बस थांबली, तेव्हा ऊन चढलं होतं. समोरच ते डबकं, म्हणजे ते होतं ती जागा. काळा, भेगाळत चाललेला खड्डा. पलीकडे रस्त्याचा उंच बांध, बांधाच्या कडेला पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळक्या काड्यांचा, मोठा ढीग. खड्ड्याच्या काठावर बाजेवर काठी घेऊन कवडू नावाचा गडी बसला होता.

"राखण आहे," यशवंतरावांनी सांगितलं. "शनिवारपासून एक घडी जागा सोडली नाही."

"रिकाम्या खड्ड्याची?" गजाननरावांनी विचारलं.

तेवढ्यात कवडूची म्हैस मागून आली, शेपटी फटकारली आणि गजाननरावांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर काळ्या चिखलाचे शिंतोडे उठवून पुढे गेली.

"अरे अरे अरे!"

"काशी हाये ते," कवडू कौतुकाने म्हणाला. "लय गरीब हाये. चिखलाबिगर तिले दिवस जात नाही."

"सुधा, पाणी माग कुठेतरी. हा डाग बसेल."

सुधा वाकली आणि तिने भर रस्त्यात नवऱ्याचं धोतर हुंगलं. "धुऊ नका," ती म्हणाली. गजाननराव इकडेतिकडे पाहून लाजले.

सरपंचांचं घर डबक्यासमोरच होतं. नवा चुना दिलेला, शेणाने सारवलेलं ऐसपैस अंगण, कोपऱ्यात तुळस. यशवंतरावांची बायको कमल बाहेर आली. बाई हसतमुख होती, पण नजर ठरत नव्हती. चहा ठेवायला ती निघाली, ती आधी अंगण ओलांडून, रस्ता ओलांडून, बांधावरच्या ढिगाकडे गेली आणि पऱ्हाटीची मोळी घेऊन परतली.

"सरपण फार लांब ठेवलंत, वहिनी," सुधा म्हणाली.

"अंगनात जागा कुठं हाये, बाई?" कमल चुलीकडे वळली.

अनिल चहा घेऊन आला. नव्या कपबशा, कडेला सोनेरी रेघ. त्याचे दोन्ही तळवे पिवळेधमक होते.

"काय हो नवरदेव," गजाननराव खदखदून हसले, "हळद इतक्यातच लागली?"

अनिलने हात पाठीमागे लपवले. कान लाल झाले. सुधाने चहा संपवला आणि चांगला झाला म्हणून सांगितलं.

मग बापूजीची पाळी. डबक्याला लागूनच त्याची संत्र्याची बाग, बागेत विहिरीवर डिझेल इंजिन. बापूजी खाटेवर गुडघ्याला तेल चोळत होता.

"मले माहीत हाये, सारे माह्यावरच डोळा ठेवून हायेत," तो म्हणाला. "इंजिन माह्यापाशी, मंग चोर मीच! जा, पाहा बागेत. सापडलं डबकं तर घेऊन जा."

गजाननराव बागेत शिरले. झाडांची पानं मलूल होऊन लोंबत होती. जमीन इतकी तडकली होती की भेगेत त्यांची चप्पल अडकली. इंजिनाच्या चाकावर कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं.

"नाली झाली तर तुमचं काही बिघडतं का?" सुधाने विचारलं.

"माहं काय बिघडते? झाली तर बरीच. या वासानं गावात येनारे पाव्हणे वेशीवरूनच परत जातात. मागच्या साली लोधीखेड्याचे तर पानीबी पेले नाहीत."

बाहेर पडताच गजाननरावांनी तिला बाजूला घेतलं. "उघड आहे! झाडं तहानेनं मरायला टेकलीत. यानेच इंजिन लावून पाणी ओढलं."

"अहो, चला पुढे."

गुणवंता आपल्या नव्या ओट्यावर पाय पसरून बसला होता. ओटा सरळ रस्त्यावर आला होता आणि नालीची आखणी त्याच्या मधोमध जात होती.

"डबकं गेलं, मले आनंद झाला," तो म्हणाला. "लपवू कायले? नाली आली की माहा ओटा जाते. पन म्या काही केलं नाही. मी शुक्रवारी त्या बाभळीमागच्या खदानीत मुरूम काढून ठेवला. बैलगाडी भेटली की आनतो, अन् ओटा दुसऱ्या बाजूनं भरतो. मी काय कोनाले भेतो?"

"खदानीत शुक्रवारनंतर गेला होता?"

"कायले जाऊ? गाडी कुठं भेटली?"

"हाच तो!" गजाननराव रस्त्यात कुजबुजले. "स्वतःच्या तोंडाने कबूल झाला. आनंद झाला म्हणे!"

"मघाशी बापूजी होता ना?"

"दोघं मिळून केलं असेल."

सुधा हसली. "डबकं कोरडं, पण तुमच्या धोतरावरचा ओला चिखल डबक्याच्याच वासाचा आहे. आता तिसऱ्या साक्षीदाराला विचारू. कवडू, तुझी काशी दुपारी कुठे जाते?"

"काय माहीत बाई. मले तर राखण सोडता येत नाही. जाते अन् येते."

काशी निघाली, तशी ही दोघं तिच्या मागे निघाली. म्हैस बांध चढली, बाभळीतून खाली उतरली आणि गावाच्या पिण्याच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या जुन्या मुरमाच्या खदानीत पोटापर्यंत जाऊन बसली. खदान काळ्या पाण्याने भरली होती. एका कडेला मुरमाच्या ढिगाचा शेंडा तेवढा वर दिसत होता.

"बाप्पा!" गजाननरावांनी नाकाला उपरणं लावलं. "हे तर डबकंच की हो!"

"तेच आहे. आणि विहिरीच्या उशाला येऊन बसलंय. आजच्या आज हलवायला हवं."

चार वाजता सरपंचांच्या अंगणात सगळे जमले. बापूजी खाटेसकट आणला गेला. गुणवंता दारात उभा राहिला.

"डबकं सापडलं आहे," सुधाने सुरुवात केली. "ते खदानीत आहे."

"माहा मुरूम!" गुणवंता ओरडला.

"भिजला. म्हणून तुम्ही सुटलात. स्वतःचा मुरूम घाणीत बुडवून ओटा वाचवणारा माणूस मी पाहिला नाही."

"मंग मीच राहिलो," बापूजी म्हणाला.

"तुम्ही तर आधीच सुटला होता. आमच्या ह्यांना वाटलं, झाडं तहानली आहेत म्हणून पाणी नेलं. पण आंबिया बहाराची फुलं हवी तर या दिवसांत संत्र्याचं पाणी मुद्दाम तोडतात, झाड कोमेजू देतात. ताण देतात. आत्ता पाणी पाजलं तर फुलाऐवजी पालाच यायचा. चिंचखेड्यात पाणी नको असलेला माणूस एकच होता, तो बापूजी. शिवाय कुंभारमाशीचं घर न मोडता इंजिन कसं फिरेल?"

"हे मले कोनी विचारलंच नाही," बापूजी खूश होऊन म्हणाला.

"डबकं इंजिनाने गेलंच नाही. बांधाला खाली एक चर खोदला, पाणी आपोआप उताराला लागलं. अजूनही लागतंय, म्हणून खड्डा भरत नाही. चर कुणाला दिसला नाही, कारण त्यावर पऱ्हाटी रचली आहे." सुधा कमलकडे वळली. तिचा आवाज मऊ झाला. "वहिनी, मीही चूल पेटवते. सरपण हाताशी ठेवावं हे कोणत्या बाईला सांगावं लागतं? एवढं अंगण मोकळं असताना तुमची पऱ्हाटी रस्त्यापलीकडे का?"

कमलने पदर तोंडाला लावला. अनिल एकदम पुढे आला. "आईले बोलू नका. खोदलं म्या."

"ते ठाऊक आहे. हळद फोडांवर लावली आहे, लग्नाची नाही. क्लार्कीच्या हाताला कुदळ सोसत नाही."

यशवंतराव खांबाला टेकले. "कमल, तू? तीन वर्सं मी..."

"मंग काय करू?" कमल रडत, भांडत म्हणाली. "तीन सोयरे वेशीवरून परत गेले. लोधीखेड्याची बाई नाकाले पदर लावून गाडीतून उतरलीबी नाही. माह्या पोराचं लग्न त्या घाणीपायी राहून जाईन का? एका दिवसापुरतं काढलं होतं. रविवारी पाव्हणे गेले की चर बुजवनार होती. पन तुमी शनिवारीच राखण बसवली! चोवीस तास कवडू काठी घेऊन बसला. कशी बुजवू?"

कवडूने काठी खाली ठेवली. अंगणात कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. यशवंतराव हसले नाहीत.

"डबकं परत आनलं तर सोयरीक मोडन," कमल म्हणाली. "नाही आनलं तर नाली जाईन. तुमीच सांगा, बाई, मी काय करू?"

सुधा तिच्याजवळ जाऊन ओट्यावर बसली.

"एका घरची चौकशी दुसऱ्या घरी सांगायची नाही, हा माझा धंद्याचा नियम. आज मोडते. मोहगावच्या डोंगऱ्यांनी तुमच्या घराची चौकशी मलाच सांगितली होती. महिन्याआधीच, हे आजारी होते तेव्हा, मी एकटी गुपचूप गाव पाहून गेले आणि त्यांना सगळं सांगितलं, डबक्यासकट."

"अग बाई!"

"रविवारी ते उलट गोंधळले असतील, ते दिसलं नाही म्हणून. आणि तारीख का दिली नाही, माहीत आहे? छायानं अट घातली आहे. तिनं स्वतः मला विहिरीवर गाठून सांगितलं. म्हणाली, ज्या घरचा सासरा गावाच्या नालीसाठी तीन वर्षं झिजतो त्या घरी मी जाईन, पण नाली मंजूर झाल्यावरच. नाही झाली तर नाही."

जिच्यासाठी डबकं लपवलं, तीच पोरगी त्या डबक्यासोबत हातची जाणार होती.

बापूजी गुडघा धरून उठला. "कोन पाहून राहिले रे? चर बुजवा! अन् माहं इंजिन खदानीवर न्या. माशीले दुसरं घर बांधू दे."

पुढचे दोन दिवस चिंचखेडा कधी नव्हे इतका स्वच्छ झाला. इंजिनाने खदान उपसली आणि बांधावरून पाणी आपल्या जुन्या जागी आणलं. कमी पडू नये म्हणून बायांनी घरातल्या साऱ्या गोधड्या धुतल्या. गुणवंतानेही दोनदा आंघोळ केली. मुरूम भिजला तो भिजलाच, आता निदान पोरांच्या पायाला घाण लागू नये, असं म्हणाला.

गुरुवारी ओव्हरसियर साहेबांची जीप वेशीवरच रुतली. साऱ्या गावाने ती आनंदाने ढकलली. साहेब घोट्यापर्यंत भरले. सुधाने बांधावरचा बुजवलेला चर आणि विहीर दाखवून त्यांना खरं ते सगळं सांगितलं. साहेब आधी चिडले, मग विहिरीत डोकावून त्यांनी पोहऱ्यातल्या पाण्याचा वास घेतला.

"बोरपाण्याचं पाहू पुढच्या साली," ते म्हणाले. "इथं तर आधी विहीर वाचवावी लागते."

जीप गेली तशी मोहगावहून बस आली. सुधाने निरोप धाडला होता. डोंगरे उतरले, नाली मंजूर झाल्याचं तिच्याकडून ऐकलं आणि डबक्याकडे पाहत उभे राहिले. कमल दारात दगडासारखी उभी होती.

डोंगऱ्यांनी जोडे हातात घेतले, धोतर वर धरलं आणि त्या घाणीतून सरळ चालत अंगणात आले.

"सुधाबाई," ते म्हणाले, "तुमी सांगितलं त्याहून मोठंच हाये की!" मग कमलकडे वळले. "वैशाखातली तारीख धरा, इहीणबाई. अन् आता पाय धुवाले पानी द्या. पानी झालं की चहाबी पेईन, दोन कप."

कमल पाणी आणायला धावली. धावता धावता रडत होती. पऱ्हाटीचा ढीग आता चुलीशेजारी होता, त्यामुळे चहाला वेळ लागला नाही.