साहेबांनी दाखवलेली चूल

सोमवारी सकाळी किनाऱ्यासमोरच्या तीन बेटांवर खाणीचे सुरुंग लागणार होते. तिथे कधीकाळी माणूस राहत होता, हे सिद्ध करायला माझ्या पुतणीच्या हातात शनिवार-रविवार एवढेच होते. ती संग्रहालयात कामाला. तिच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत खण, खणात डब्या, डबीत खापऱ्या आणि खापरीवर मुंगीएवढ्या अक्षरांत नंबर. "जागेवरचा पुरावा आण, खाण थांबवतो," असं तिच्या वरिष्ठांनी सांगितलं होतं. मी मोजणी खात्यातून निवृत्त झालेला, म्हणून टेप धरायला मी. होडीला एक नावाडी. त्याला सगळे 'अबोल' म्हणत, कारण तो फक्त झोपेत गप्प असे. आणि देखरेखीला साहेब. साहेब म्हणजे आमचा कुत्रा. काम शून्य, पण सगळीकडे पुढे.

पहिल्या बेटावर लांबून उभी पांढरी शिळा दिसली. जवळ गेलो तर पक्ष्यांनी पिढ्यानपिढ्या एकाच खडकावर केलेली कृपा निघाली. दुसऱ्यावर दगडांचं सुरेख वर्तुळ होतं. पुतणीने गुडघे टेकून ब्रशने माती झाडली, तर आतून बाटलीचं झाकण आलं.

"किती जुनं?" अबोलने विचारलं.

"गेल्या सुट्टीतलं," पुतणी म्हणाली.

तिसरं बेट रविवारी दुपारी गाठलं. लाटा दुमजली घराएवढ्या! पुतणी म्हणते गुडघ्याएवढ्या. पण ती डोळे मिटून बसली होती, तिला काय कळणार? तीन तास खडक धुंडाळले. हाती काही नाही. तेवढ्यात गायब झालेले साहेब तोंडात एक दगड घेऊन उगवले. काळ्या मातीने माखलेला. मी तो समुद्राच्या पाण्यात खळखळून धुतला, सदऱ्याला पुसला आणि चाटच पडलो. घासून धार लावलेली दगडी कुऱ्हाड! धावत पुतणीकडे गेलो.

"काका, कुठे मिळाली?"

"साहेबांनी आणली."

"आणि हिच्यावरची माती?"

"मळकट होती गं. स्वच्छ धुतली."

तिने कुऱ्हाड उलटसुलट करून पाहिली. "काका, त्या मातीवरूनच कळलं असतं ना, ही कुठल्या थरातली ते. आता ही कुठलीही असू शकते. कुणाच्या खिशातून पडलेलीसुद्धा."

चाळीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, पण स्वतः इतका लहान कधी झालो नव्हतो.

मग साहेबांची एक खोड आठवली. घरी ते चप्पल पळवतात. पण रागावलं, की जिथून उचलली तिथेच नेऊन ठेवतात. बोटभरही फरक नाही.

"साहेबांच्या तोंडात कुऱ्हाड दे," मी म्हणालो, "आणि रागाव."

"एवढी जुनी कुऱ्हाड कुत्र्याच्या तोंडात द्यायची?"

"तिथूनच तर आली."

पुतणी रागावली. अर्धा राग माझ्या वाट्याचा होता, पण तो साहेबांनी मुकाट्याने ऐकून घेतला. शेपूट पाडलं, कुऱ्हाड उचलली आणि निघाले. आम्ही मागोमाग. किनाऱ्यालगतच्या एका अरुंद कपारीत ते शिरले.

"भरती लागलीये," अबोल म्हणाला. "अर्ध्या तासात हे तोंड बुडेल. माझा मामा असाच एकदा..."

"मामा नंतर," म्हणत मी टेपचं टोक त्याच्या हातात कोंबलं. "मी दोनदा झटका दिला, की ओढ."

वाट आधी खाली उतरत होती, मग वर चढत होती. कोपरं सोलवटत आम्ही सरपटलो आणि एका कोरड्या, खोलीएवढ्या पोकळीत उभे राहिलो. बॅटरीच्या उजेडात साहेबांनी काळ्या मातीतल्या एका खळग्यात कुऱ्हाड ठेवली. पाय चपलेत बसावा तशी ती बसली. शेजारी तीन दगड. त्यांच्यामध्ये राख, शिंपले, माशांचे काटे, पुन्हा राख. वहीच्या पानांसारखे थर.

"कुऱ्हाडीची साक्ष आपण बिघडवली," पुतणी कुजबुजली. "पण या चुलीला कुणी हात लावलेला नाही. आणि हे बघा काका, भिंत इथेच का गुळगुळीत झालीये?"

मी खाली बसून पाठ टेकवली. बरोबर बसली. शेकडो पाठींनी घासलेली जागा होती ती! समोर चूल. इथे बसून ते काय बोलत असतील? मासे कमी पडल्याचं, की पोरांच्या उद्योगांचं?

फोटो झाले, मापं झाली. इतक्यात खालून गुडगुड ऐकू आली. वाट बुडत होती. इथेच थांबलो असतो तरी जीवाला धोका नव्हता. पण सकाळच्या ओहोटीपर्यंत अडकलो असतो, आणि सुरुंगवाले सकाळीच येणार होते.

"कुऱ्हाड घेऊ?" मी विचारलं. "एवढी तरी वाचेल."

तिने कुऱ्हाडीकडे पाहिलं.

"नको. बाहेर नेली की नुसता दगड. इथे ती घरातली वस्तू आहे."

फोटोंचा कॅमेरा तिने प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला. मी टेपला दोन झटके दिले. बुडी! काळोख. नाकात मीठ. डोकं छतावर आपटलं. एक हात टेपवर, एक पुतणीच्या दंडाला. श्वास संपला. टेप ओढत होता. मग उजेड! बाहेर साहेब आधीच अंग झाडत उभे होते, आणि अबोल टेप ओढता ओढता मामाची गोष्ट संपवत होता.

"तेवीस मीटर चाळीस," मी खोकत म्हणालो. पुतणीने लिहून घेतलं. त्याखालीच तिने लिहिलं: कुऱ्हाड कुत्र्याने हलवली, काकांनी धुतली. लपवलं काहीच नाही.

रात्रीच फोटो पाहून वरिष्ठ सकाळच्या ओहोटीला स्वतः आले. देह भारदस्त, तरी कपारीत शिरले. बाहेर खाणवाला मुकादम घड्याळ बघत होता, त्याची माणसं सुरुंगाच्या पेट्यांवर बसली होती. पुतणी नखं खात होती. तासभर कुणी बाहेर आलं नाही.

शेवटी आधी हात आले, मग टक्कल, मग फाटलेला सदरा. वरिष्ठांनी उभं राहून गुडघे झटकले.

"पेट्या परत न्या," ते मुकादमाला म्हणाले. "आत चूल मांडलेली आहे. घर रिकामं नाही."