आधी मुलं जातील

बोळिंजच्या वळणावर मी हात वर केला आणि टँकरने करकचून ब्रेक मारला. बंपर माझ्यापासून हातभर अंतरावर थांबला... मागे दोर धरून उभी असलेली माझी दुसरीतली मुलं एकदम चिडीचूप.

शाळेत मुलं रिक्षात कोंबून यायची. गेटपाशी गाड्यांची ही झुंबड! म्हणून मीच पालकांच्या मागे लागले होते — मुलं चालत नेऊ, मी बरोबर असेन. आणि पहिल्याच आठवड्यात हे.

टँकरमधून एक तरुण उतरला. इस्त्रीचा शर्ट, चेहरा पांढराफटक.

“मॅडम, मरायचंय का तुम्हाला?”

“मला नाही. तुम्हालाच कुणाला तरी मारायची घाई दिसतेय!”

तो रस्त्याच्या कडेला मटकन बसला. छोट्या ब्रिटनीने आपली पाण्याची बाटली पुढे केली.

“घाबरलात, अंकल?”

“हो... खूप.”

का कोण जाणे, त्या ‘हो’ने माझा राग निम्मा उतरला.

विघ्नेश त्याचं नाव. वळणावरची केळीची वाडी त्यांची. तिथल्या विहिरीचं पाणी टँकरने सोसायट्यांना जायचं. ड्रायव्हर आला नाही म्हणून त्या दिवशी तो स्वतः बसला होता. दुसऱ्या सकाळी पाहते तर वाडीचं फाटक बंद, आणि बाहेर हा उभा!

“तुम्ही गेल्याशिवाय उघडणार नाही.”

तिसऱ्या दिवशी तो आमच्याबरोबर चालायलाच लागला.

“टीचर, मी कुठे उभा राहू?”

“सगळ्यात शेवटी. बडबडी मुलं मी शेवटी ठेवते.”

“मग तुमच्याकडे बघायला मान वळवावी लागेल का?”

“मी पुढे असते. मान वळवायची गरज नाही.”

“तेच तर बरंय...”

पाऊस भुरभुरत होता. रेनकोटच्या टोपीआड लपवलेलं माझं हसू त्याने पाहिलंच असणार.

पण ब्रेकची गोष्ट पालकांपर्यंत पोचली. उमंगची आई, रचनाताई, गेटवरच म्हणाल्या, “टीचर, सोमवारपर्यंत बघते. तो टँकर पुन्हा दिसला तर उमंग रिक्षाने येईल.” बाकीच्या आयांनीही माना डोलावल्या. विघ्नेशकडे पाहिलं, तर त्याचाही चेहरा उतरलेला.

“बाबा ऐकत नाहीयेत. गिऱ्हाइकं सकाळीच पाणी मागतात म्हणे. फाटक उघडणारच.”

सोमवारी रचनाताई स्वतः आल्या. वळणावर विघ्नेश दिसेना. फाटक सताड उघडं, आत टँकर घरघरत होता. मी मुलांना भिंतीशी उभं केलं. आलाच नाही हा? आणि मग दिसला — आत, टँकरच्या अगदी समोर, हात पसरून उभा.

“बाजूला हो,” त्याचे वडील, एकनाथकाका, ओरडले.

“आधी मुलं जातील, बाबा.”

“रोज असा उभा राहणारेस?”

“रोज.”

ड्रायव्हरने एकदा रेस दिली. विघ्नेशने डोळे मिटले, पण जागचा हलला नाही. मी दोर रचनाताईंच्या हातात दिला आणि आत जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले.

“बंद कर रे इंजिन!” काका ड्रायव्हरवर खेकसले. मग रस्त्यावर येऊन त्यांनी एक मोटरसायकल अडवली, आणि मुलांकडे न बघताच म्हणाले, “चला, लवकर. शाळा भरेल.”

रचनाताईंनी दोर सोडला नाही. शाळेपर्यंत त्याच पुढे चालल्या.

मुलं आत गेल्यावर मी विघ्नेशवर उखडले. “त्याने गाडी पुढे घेतली असती तर?”

“तुम्ही कशाला आलात मग?”

मी रचनाताईंनी परत दिलेला दोर गुंडाळू लागले.

“तुम्ही रस्त्यावर पाऊल टाकलंत की रोज जीव टांगणीला लागतो माझा,” तो हळूच म्हणाला. “पहिल्या दिवशी मुलांसाठी आलो होतो. नंतर नाही... म्हणजे, नुसता मुलांसाठी नाही. आवडता तुम्ही मला.”

शाळेची घंटा वाजली. मी वळले, दोन पायऱ्या चढले, थांबले.

“रविवारी राजोडीच्या समुद्रावर जाऊया. चालत. आणि विघ्नेश... शेवटी नाही चालायचं. बरोबर.”